दोनदा वजा केलेलं माप

भंगारवाल्याने बाबांच्या मोटरसायकलची फ्रेम एका हाताने उचलून पाहिली आणि पुन्हा वर्तमानपत्रांवर ठेवली. वजनाचा अंदाज घ्यायला त्याला काटा लागला नाही.

"बाकीची गाडी?" त्याने विचारलं.

बाकीची गाडी घरभर होती. इंजिन खिडकीखाली, चाकं सोफ्याच्या मागे, टाकी कपाटावर आणि उरलंसुरलं बिस्किटांच्या अकरा डब्यांत. प्रत्येक डब्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. एकावर नुसतंच 'हे कुठलं?' असं लिहिलेलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"ताई, विचार माणसाचा करावा. लोखंडाचा कसला विचार?" त्याने हात झटकले. "महिनाअखेरपर्यंत ह्याच बाजूला आहे मी. हाक मारा."

महिनाअखेर माझ्याही डोक्यात होती. एकतीस वर्षं भाड्याने राहिलेलं ते घर तीस तारखेला रिकामं करून द्यायचं होतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आई माझ्याकडे राहायला येणार होती, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथे माझी पुस्तकंच जेमतेम मावतात. मोटरसायकल तिथे न्यायचा प्रश्नच नव्हता. एक मामा उरला. आईचा धाकटा भाऊ, निवृत्त बसड्रायव्हर. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती.

"दाजींची गाडी, मला का नको असेल?" मामा म्हणाला. "पण गाडी आण. कोडं आणू नकोस. पोत्यातून आणलीस तर ती माझ्याकडे पोत्यातच राहील, आणि मी मेल्यावर माझी पोरं पोत्यासकट विकतील. माझा मला भरवसा नाही, त्यांचा तर त्याहून नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून ठरवलं, तीस तारखेच्या आत गाडी दोन चाकांवर उभी करायची आणि ढकलत मामाकडे न्यायची. अंतर चार किलोमीटर. चालू नाही झाली तरी चालेल. घरातून ती स्वतःच्या चाकांवर बाहेर पडायला हवी होती, एवढंच.

माझा हट्ट कशापायी होता, हे आईने विचारलं नाही. तिला माहीत होतं. बाबांनी गाडी खोलली ती गेल्या वर्षी. मागचं चाक ज्याच्या आधाराने वरखाली होतं, तो लोखंडी आर्म झिजून डुगडुगायला लागला होता. त्याच्या आडव्या नळीत बसणारी धातूची कडी, म्हणजे बुश, आणि त्यांतून जाणारी पिन बदलायची होती, आणि ती कंपनी बंद पडून माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती. भाग करून घ्यायचे तर माप हवं. माप घ्यायचं तर एकाने आर्म आडवा धरायला हवा, कारण बाबांचे हात एव्हाना थरथरत होते. "रविवारी येतेस का तासभर?" ते फोनवर विचारायचे. "धरायला माणूस हवंय." मी छापखान्यांची मुद्रितं तपासते. माझ्याकडे सदैव कसली तरी मुद्रितं आलेली असतात. पुढच्या रविवारी येते, असं मी सांगायचे. किती वेळा सांगितलं ते मी मोजलं नाही, आणि मोजणारही नाही. मग ते दवाखान्यात गेले आणि गाडी तशीच राहिली.

मी वाचलेल्या पुस्तकांत वडील गेल्यावर मुली खिडकीत उभ्या राहतात. मला सतरा नंबरचा पाना सापडत नव्हता.

माप मीच घेतलं. मामाने आर्म धरला आणि मी बाबांचा व्हर्निअर लावला. बाबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते. चिमट्यासारखे दोन जबडे असलेली ती मापाची पट्टी त्यांच्या वरच्या खिशात पेनाशेजारी असायची. तिला एक खोड होती. जबडे पूर्ण मिटवले तरी रेघ शून्यावर न येता पॉइंट दोनवर थांबायची. मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. "ही पट्टी थोडी वाढवून सांगते," बाबांनी मला लहानपणी शिकवलं होतं. "वाढवून सांगणाऱ्या माणसाचं कसं ऐकतो आपण? थोडं कमी करून. तसंच." ते मी विसरले नव्हते. आर्मच्या नळीचं आतलं माप सव्वीस पॉइंट दोन आलं, मी सव्वीस लिहिलं. फ्रेममधल्या पिनेच्या भोकाचं सोळा पॉइंट दोन आलं, मी सोळा लिहिलं. बाबांच्याच चौकटीच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या पानानंतरच्या पानावर, त्यांच्यासारखीच आकृती काढून.

वही घेऊन मी परवाकाकांकडे गेले.

त्यांना परवा हे नाव बाबांनीच दिलेलं. "बाकीचे सगळे लेथवाले 'उद्या' म्हणतात," बाबा सांगायचे. "हा एकटा प्रामाणिक. हा पहिल्या दिवशीच 'परवा' म्हणतो." दुकान म्हणजे एक लांबट खोली, समोर लेथ, मागे ड्रिल, आणि त्यामागच्या पडद्याआड त्यांचं घर. जमिनीवर धातूच्या कुरळ्या कात्रणांचा थर. भिंतीवर खडूने लिहिलेलं, 'घाई असल्यास शेजारी विचारावे.' शेजारी सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं.

काकांनी वही हातात घेतली आणि पुसल्या हातांनीसुद्धा कडेनेच धरली. मागची पानं उलटली. त्यांनी बाबांसाठी केलेलं बरंच काही त्यात होतं, क्लचची दांडी, साखळीचं चाक, एक वॉशर ज्याच्यापुढे बाबांनी 'मस्त' असं लिहिलं होतं. तिथे ते थोडे थांबले.

"हे माझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत," ते म्हणाले.

"समोर काय म्हणायचे?"

"'बघू, टिकतो का.'"

मग माझ्या पानावर आले. "तू काढलंस?"

"हो."

"व्हर्निअर तोच?"

"तोच."

त्यांनी मान हलवली. "गनमेटलचे करतो बुश. पिन चांगल्या पोलादाची. परवा ये."

"काका, खरंच परवा?"

"परवा म्हणजे शनिवारी."

तो दिवस सोमवार होता.

मधल्या दिवसांत मामा आणि मी पुढचं सगळं बसवलं. पुढचं चाक, हँडल, इंजिन. ते उचलताना मामाने आपल्या कंबरेचा आणि आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. आई एका बाजूला भांडी कागदात गुंडाळत होती. ती वर्षभर त्या भागांना वळसा घालून स्वयंपाकघरात जात आली होती. आता वाट मोकळी झाली तरी ती वळूनच जायची.

"सरळ जा की गं," मामा म्हणाला.

"जाते," आई म्हणाली आणि वळूनच गेली.

शनिवारी सकाळी काकांनी टेबलावर एक स्वच्छ फडकं पसरलं आणि त्यावर दोन बुश आणि पिन ठेवली. बुश पिवळसर, अंगठ्यांसारखे चमकत होते. काकांनी पिन एका बुशात सोडली. ती आपल्या वजनाने सावकाश खाली उतरली, आतली हवा सुस्कारत बाहेर आली.

"बघ," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं.

"मस्त," मी म्हणाले. ते वळून लेथ पुसायला लागले.

दुपारी मामा हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि तेलाची कुपी घेऊन बसला. बुश नळीत घट्ट बसायला हवा, ठोकून आत जायला हवा, एवढं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मामाने बुश नळीच्या तोंडाशी धरला, ठोकळ्यासाठी दुसरा हात पुढे केला, आणि बुश आत घसरला. दुसऱ्या तोंडातून बाहेर पडून फरशीवर गडगडत कपाटाखाली गेला.

आम्ही दोघं कपाटाखाली बघत राहिलो.

"माप कोणी घेतलं होतं?" मामाने विचारलं.

"मी."

"आणि धरलं होतं कोणी?"

"तू."

"मग गप्प बसू या," मामा म्हणाला.

पण मला गप्प बसवेना. मी व्हर्निअर काढून नळी पुन्हा मोजली. सव्वीस पॉइंट दोन. वजा पॉइंट दोन, सव्वीस. बुश मोजला. पट्टीवर सव्वीस आलं, म्हणजे खरं पंचवीस पॉइंट आठ. मी आकडे चारदा लिहिले आणि चारदा खोडले. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. ही चूक मला दिसत होती आणि कुणाची ते कळत नव्हतं. आई येऊन दारात उभी राहिली होती.

"राहू दे गं आता," ती म्हणाली. "त्यांचं त्यांनाही जमलं नव्हतं."

ती समजूत घालायला म्हणाली. मला ते फार लागलं. जमलं नव्हतं ते का, ते मला माहीत होतं.

रविवारी काकांचं दुकान बंद असतं, पण ते मागेच राहतात. पडद्याआडून बनियनवर बाहेर आले, एका हातात चहाचा कप. मी बुश आणि आर्म टेबलावर ठेवला. बुश नळीत सोडला आणि तो पलीकडून बाहेर आला तसा हातात झेलला.

काकांनी कप खाली ठेवला. मायक्रोमीटर काढला, बुश मोजला. मग वही मागितली.

"मी बरोबरच केलंय," ते म्हणाले. पुन्हा बघितलं. "तू सव्वीस दिलंस. त्यातून पॉइंट दोन वजा केले. नेहमीसारखे."

"का वजा केले?"

"का म्हणजे? त्या व्हर्निअरचं माप ना ते?"

"मी वजा करूनच लिहिलं होतं, काका."

बाहेर पंक्चरवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता.

"अगं, वजाबाकी माझ्याकडे असते," ते म्हणाले. "हा व्हर्निअर माझ्या हातून पडला. ह्याच टेबलावरून. वीस वर्षं झाली असतील. मी म्हटलं, नवा घेऊन देतो. तुझे बाबा म्हणाले, नको, नवा किती खोटं बोलतो ते शोधत बसावं लागेल. ह्याचं निदान माहीत तरी झालं. पण पाडलास तू, तर वजाबाकी तू करायची. जन्मभर. तेव्हापासून ते पट्टीवर दिसेल ते तसंच लिहायचे आणि मी इथे वजा करायचो." त्यांनी मागचं पान उघडून बोट ठेवलं. वॉशर, बत्तीस पॉइंट दोन. पुढचं, अठरा पॉइंट दोन. सगळ्या आकड्यांच्या शेवटी ते दोन होते. मी ती पानं पाहिली होती, आणि पाहूनही वाचली नव्हती.

"मला त्यांनी शिकवलं होतं वजा करायला," मी म्हणाले.

"तुला शिकवलं असणार. मला ती शिक्षा होती. तू पाडला नव्हतास ना."

मला हसू आलं, पुरतं आलं नाही. काकाही हसले आणि लगेच थांबले. पिन बुशात अगदी बरोबर बसली होती, कारण दोन्ही सारखीच बारीक झाली होती. म्हणून इथे कुणाला काही कळलं नाही.

"नवे करून देतो," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. "गनमेटलची कांडी आणावी लागेल. उद्या दुकानं उघडली की. मंगळवारी मिळेल."

"उद्या दुपारी घराची किल्ली द्यायचीय."

"मग दे. गाडी ने तशीच मामाकडे. बुश नंतर बसव."

"चाकाशिवाय? काका, मामा तशी घेणार नाही. आणि घेतली तरी ती उभी राहणार नाही. तुम्हालाही माहीत आहे." मी खूप दमले होते. दोन महिने माणसांना, बँकेला, शेजाऱ्यांना तेच तेच सांगून माझा आवाज सपाट झाला होता, आणि तसल्याच आवाजात मी विचारलं, "ह्या बुशांनाच काही करता येणार नाही का? पातळ पत्रा गुंडाळून वगैरे?"

"पत्रा!" काका असे दचकले, जणू मी शिवी दिली होती. "दुसऱ्या कोणाची गाडी असती तर नर्लिंग मारून दिलं असतं. दातेरी चाक दाबून बुशच्या अंगावर खवले उठवायचे. खवले उठले की जाडी वाढते आणि घट्ट बसतो. पण ती मलमपट्टी. ह्या गाडीला मी ते करणार नाही. तुझे बाबा उद्या इथे आले असते, बुश बाहेर काढला असता आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले असते, हे काय?"

"ते येणार नाहीयेत, काका."

माझ्या तोंडून ते मोठ्याने गेलं. बाहेर हवा भरायची थांबली. पडद्यामागे कोणीतरी भांडं हळूच खाली ठेवलं.

"ते येणार नाहीयेत," मी पुन्हा, जरा हळू म्हणाले. "त्यांना चालेल का, हे तुम्ही मला विचारू नका. मला माहीत नाही. त्यांना विचारायला वेळ होता तेव्हा मी आले नाही. आता गाडी माझी आहे, आणि मला ती उद्या उभी हवीय. नर्लिंगने उभी राहील का, एवढंच सांगा."

काकांनी वही मिटली.

"राहील," ते म्हणाले.

"किती टिकेल?"

"तू किती चालवणारेस?"

"मला चालवताच येत नाही."

"मग आपण दोघं जाऊ, पण ते टिकेल," ते म्हणाले, आणि बनियनवरच लेथ सुरू केला.

त्याला वीसेक मिनिटं लागली. बुश एका दांडीवर चढवला, फिरवला आणि दातेरी चाक त्याच्यावर टेकवलं. गुळगुळीत अंगावर बारीक बारीक चौकटी उठत गेल्या, पाण्यात बुडून राहिलेल्या बोटांच्या कातडीसारख्या. मध्येच थांबवून ते मोजायचे, पुन्हा दाबायचे. आतून पिन जरा अडली, तर पॉलिशच्या कागदाने आतली कडा साफ केली. पिन फ्रेमच्या भोकात किंचित सैल आहे पण नट आवळला की तिचं चालतं, असं मला समजावून सांगितलं. चहावर साय धरली होती. शेवटी त्यांनी बाबांची वही ओढली, माझ्या आकृतीखाली लिहिलं, 'नर्लिंग केले. मुलीच्या सांगण्यावरून,' आणि खाली तारीख घातली.

"हे कशाला?" मी म्हणाले.

"जो कोणी उघडेल त्याला कळायला नको? कोणाचं काम ते?"

बुश संध्याकाळी बसवले. पहिला नळीच्या तोंडाशी धरला, तर बोटाने हलेना. मामाने ठोकळा ठेवला आणि मारलं. एक, दोन. तो जेमतेम केसभर सरकला.

"अडला!" मामा लग्न ठरल्यासारखा ओरडला. "अडला गं, अडला!"

तो इतका अडला की दोन्ही बसवायला तास गेला आणि वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. आईने वर जाऊन सांगितलं की उद्यापासून आवाज होणार नाही. परत आल्यावर ती माझ्याशेजारी खाली बसली, आर्मचं दुसरं टोक न सांगता दोन्ही हातांनी धरलं आणि मी नट आवळेपर्यंत धरून ठेवलं. रात्री मागचं चाक आणि साखळीही चढली.

तीस तारखेला आई सामानाच्या टेम्पोत पुढे बसून गेली. मी किल्ली दिली. मामा आणि मी गाडी रस्त्यावर घेतली, तो हँडलला आणि मी मागे. टायर जुने होते, हवा कशीबशी धरून होते. पहिल्या किलोमीटरला मामा बोलत होता, दुसऱ्याला फक्त दम टाकत होता. लोक वाट देत होते. एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का? मामा म्हणाला, हो. तेच सोपं होतं.

पुलानंतर उतार लागतो. मामा थांबला, कंबरेवर हात ठेवून.

"बस," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण, मी? माझे पाय गेलेत. बस, ब्रेक धर आणि जा. सायकल येते ना तुला?"

मी बसले. गाडीची मागची बाजू माझ्या वजनाने जराशी खाली गेली आणि तिथेच थांबली. मी कान देऊन ऐकलं. डुगडुग नव्हती. सोडल्यावर गाडी आधी चालायच्या वेगाने निघाली, मग त्याहून जरा जोरात. साखळीची बारीक किरकिर आणि वारा. मी ब्रेक पुरता सोडला नाही, पुरता दाबलाही नाही. उतार लांब होता, त्याला घाई नव्हती, मलाही नव्हती.

खाली पोचल्यावर एक पाय टेकवून मी कडेला उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर मामा वर अगदी लहान दिसत होता, थांबत थांबत येत होता. अजून दीड किलोमीटर बाकी होता, आणि तो सगळा चढाचा होता.